मदत हवी आहे: कार्यशाळेआधीच्या वाचनातून सगळ्यांना बोलतं कसं करावं?

नमस्कार मंडळी. शिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा घेते आहे. एक लेख आठवडाभर आधी पाठवणार आहे. काळजी अशी, की सगळे वाचून येत नाहीत आणि वाचून आलेल्यांपैकी दोघं-तिघंच बोलत राहतात. मग चर्चेऐवजी नुसता सारांश होतो. तो मला अजिबात नको आहे.

मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये वर्गात आणलेली जिगसॉ पद्धत वापरावी म्हणते. लेखाचे चार भाग करून प्रत्येकाला एकच द्यायचा. आधी सारखाच भाग वाचलेले एकत्र बसून तो पक्का करतील, मग चारही भागांची माणसं एका गटात येऊन एकमेकांना समजावतील. प्रत्येकाकडे इतरांजवळ नसलेलं काही असतं, त्यामुळे गप्प बसणाऱ्यालाही बोलावं लागतं. पण एखादा भाग कुणीच वाचला नसेल तर? सुरुवातीला दहा मिनिटं शांत वाचनाला द्यावीत, की त्यानं तयारीनं आलेल्यांचा हिरमोड होईल?

शिवाय लेखासोबत प्रश्न कोणता पाठवावा? ‘न पटलेलं एक वाक्य खूण करून आणा’ हा मला ‘लेखाचा मुद्दा काय?’ यापेक्षा जास्त जिवंत वाटतो. कुणी करून पाहिलं असेल तर काय घडलं ते नक्की सांगा.