नागपूरची मोठी बँक की यवतमाळमधील सी.ए.चे लहान कार्यालय?

प्रश्न (दारव्हा तालुका)
नमस्कार. मी यंदा एम.कॉम. झाले. नागपुरातील एका मोठ्या खासगी बँकेने कर्ज विभागात नेमणूक देऊ केली आहे, तर यवतमाळला सहा माणसांच्या एका सी.ए. कार्यालयात बऱ्याच कमी पगाराची जागा आहे. घरच्यांचा कल बँकेकडे आहे. मात्र खोलीभाडे आणि मेसचा खर्च वजा केला तर हाती उरणाऱ्या रकमेत फारसा फरक राहत नाही. पुढे कर्जप्रस्तावांच्या छाननीतच काम करण्याची इच्छा आहे. काय निवडावे?

उत्तर (सरकारी बँकेतील अधिकारी, पुसद)
ताई, कर्ज विभाग म्हणजे प्रस्ताव तपासायचे की ग्राहक आणायचे, हे आधी विचारून घ्या. ग्राहक आणायचे असतील तर महिनाअखेरचे टार्गेट हीच नोकरी होते. छाननीचे टेबल असेल तर मात्र सोडू नका. एरवी हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, होते, पण अल्प मुदतीच्या पीककर्जाला तोच निकष दोन हंगामांचा असतो. असे बारकावे फायली हाताळूनच अंगवळणी पडतात.

उत्तर (करसल्लागार, वणी)
छाननी शिकण्यासाठी बँकच हवी, हे मला पटत नाही. जिनिंगवाला शेतकऱ्याकडून कापूस घेतो तेव्हा ५ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायचा) त्यालाच रोखीने भरावा लागतो. त्याचे क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळते खरे, परंतु कापसाच्या गाठी विकल्या जाईपर्यंत तेवढे भांडवल अडकून राहते. बँकेला त्याच्या कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा संपलेली दिसते, ती का संपली हे हिशेब लिहिणाऱ्याला ठाऊक असते. मात्र वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या कार्यालयाला पीएफ सहसा बंधनकारक नसतो आणि पगारवाढ साहेबांच्या मर्जीवर (आमच्याकडे तर दिवाळीनंतरच विषय निघतो), तेव्हा रक्कम लेखी ठरवून घ्या.

प्रश्नकर्ती
बँकेत विचारले. पहिली दोन वर्षे ग्राहक आणण्याचेच काम आहे.

उत्तर (सरकारी बँकेतील अधिकारी, पुसद)
मग यवतमाळ धरा आणि आयबीपीएसच्या पीओ परीक्षेचा (सरकारी बँकांतील अधिकारी भरतीचा) अर्ज भरत राहा. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३० आहे. सी.ए. कार्यालयात सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटची (प्राप्तिकरासाठीच्या हिशेब तपासणीची) घाई असते, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांची सुटी रुजू होण्यापूर्वीच मागून ठेवा.