ट्रेसिंगचा पतंग काटला गेला! परदेशात आर्किटेक्चर शिकलेल्यांनो, तुमचेही अनुभव लिहा

वाड्यातली
आज उत्तरायण, सकाळपासून गच्चीवर नुसतं 'काप्यो छे, काप्यो छे'. मी खाली उंधियूच्या पातेल्यापाशी. अकराच्या सुमारास भाची आली, म्हणे मावशी पतंग संपले म्हणून माळ्यावरच्या कागदाचे दोन केले, चालेल ना? वर जाऊन बघते तर माझा पिवळा ट्रेसिंग रोल, नकाशे काढायच्या पातळ कागदाचा! पंधरा वर्षं जपलेला. एका पतंगावर आपल्या बडोद्याच्या तांबेकर वाड्याचा अर्धा सेक्शन (उभा छेद), दुसऱ्यावर माझा डेल्फ्टच्या पहिल्या सेमिस्टरचा प्लॅन. ओरडायला तोंड उघडलं आणि हसायलाच आलं. आणि इतका छान उडत होता हो वाडा!

मी इथेच बी.आर्क. केलं, मग २०११ ला मास्टर्सला नेदरलँड्स, डेल्फ्टला. पहिला प्रोजेक्ट हाउसिंगचा. मी आपली बडोद्याचं ऊन डोक्यात घेऊन गेलेली. दोन-दोन फुटांचे छज्जे, पश्चिमेला जाळी, मधे चौक, सगळीकडे सावलीच सावली. आमचे सर बराच वेळ मॉडेलकडे बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, तू या लोकांना कोणापासून लपवतेयस? डिसेंबरात तिथे भर दुपारी बारा वाजता सूर्य जेमतेम १४-१५ अंश वर येतो. आपल्याकडे त्याच दिवशी ४४ असतो, आणि जूनमध्ये तर बरोबर डोक्यावर, उलट थोडा उत्तरेकडेच कलतो कारण कर्कवृत्त आपल्या जरासं वर आहे. म्हणजे पाच वर्षं मी ऊन अडवायला शिकले आणि तिथे जाऊन ऊन गोळा करायला शिकावं लागलं. छज्जे काढले तेव्हा स्वतःच्या हाताने घराच्या भुवया उडवल्यासारखं वाटलं, खोटं नाही सांगत.

पण गंमत म्हणजे वाडा तिथे भेटलाच. कालव्याकाठची जुनी घरं अरुंद आणि उंच, जिने असे उभे की आमच्या आजीच्या घरासारखा दोर धरून चढायचं. कपाट बिपाट त्या जिन्यातून जात नाही म्हणून घराच्या शेंड्याला लोखंडी हूक, त्याला दोर बांधून सामान खिडकीतून आत. आणि दारापुढे ओटा! त्याला ते लोक स्टूप म्हणतात, त्यावर बाक टाकून संध्याकाळी बसतात, कुंड्या ठेवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करतात. मी पहिल्यांदा बघितलं आणि तिथेच थांबले. शेवटच्या प्रोजेक्टमध्ये छज्जा एकही नव्हता पण ओटे सतरा होते.

आता तुम्ही लिहा. जागरणं, मॉडेलं, खाणं, घरची आठवण, काहीही चालेल. मी जाते, तेल तापलंय.

कडक_चहा
पतंग कोणी काटला ते लिहिलंच नाही!!

दक्षिणायन
वाड्यातली ताई, तुमच्यापेक्षा माझी कथा भारी. मी मेलबर्नला. पहिल्याच असाइनमेंटला सवयीप्रमाणे दिवाणखाना दक्षिणेला, मोठ्ठी काच, हिवाळ्यात ऊन येईल म्हणून. पुस्तकात वाचलेलं ना सगळं, सगळी पुस्तकं उत्तर गोलार्धातली. ट्यूटर म्हणाली छान, पण ऊन कधी येणार या घरात? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, घरात नाही पडला 😂 तिथे सूर्य उत्तरेकडून जातो. घरांच्या जाहिरातीतपण लिहितात नॉर्थ फेसिंग म्हणून, आणि भाव जास्त.
हे सगळं फोनवर आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, मग तिकडे आग्नेय कोणती? स्वयंपाकघर कुठे करतात? मी दोन दिवस विचार करत होतो खरंच, उत्तर नाही मिळालं.

सुरसागरकाठ
@दक्षिणायन तुमच्या आईंचा प्रश्न एकदम बरोबर आहे, उत्तर कोणी द्या ने. आमचे वास्तुवाले काका म्हणतात पृथ्वी सगळीकडे सारखीच. मी म्हटलं काका सूर्याला सांगा.

पार्ट_टू_पोरगा
घाईत लिहितोय, साइटवर आहे. यूके. माझ्या वेळी तिथली सिस्टीम अशी की तीन वर्षांची डिग्री म्हणजे पार्ट वन, मग वर्षभर ऑफिसात काम, मग दोन वर्षं पार्ट टू, परत काम, मग पार्ट थ्री, त्यानंतर कुठे तुम्ही आर्किटेक्ट. तोवर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेतलं तर कायद्याने गुन्हा. हे दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकांना समजावणं म्हणजे... दर दिवाळीत, "काय रे, झाला का आर्किटेक्ट?" "नाही काका, पार्ट टू चालू आहे." "म्हणजे सी.ए. सारखं का? किती अटेंप्ट झाले?" चौथ्या वर्षी त्यांनी आईला सांगितलं की पोरगं नापास होतंय पण लपवतंय. आईने दोन महिने माझ्याशी फार गोड बोलून घेतलं. मला कळेना का.

कडक_चहा
😂😂😂 काका जिंदाबाद

एक_आई
मी आर्किटेक्ट नाही, मुलगा मिलानला शिकतो, तर माझं आईचं लिहू का? व्हिडिओ कॉलला कधीही बघावं तर मागे टेबल आणि टेबलाखाली कोणीतरी झोपलेलं. आधी वाटलं कोणी आजारी आहे. म्हणे आई तो आमचा टीममेट आहे, चार वाजता उठवायचंय. याचं खाणं म्हणजे पास्ता पास्ता आणि पास्ता, आणि त्यावर मी दिलेली शेंगदाण्याची चटणी, असं कॉम्बिनेशन देवाने बघितलं नसेल. जाताना इथून थेपले, भाकरवडी, मेतकूट सगळं भरलं आणि हा मेला कटिंग मॅट हवा म्हणून थेपले काढून ठेवत होता. मी मॅटच्या खालीवर थेपले लावले, दोन्ही गेलं. हँडबॅगेत कटर राहिला होता तो मात्र विमानतळावर काढून घेतला.
आणि एक कबुली, त्याची पहिल्या वर्षाची पुठ्ठ्याची घरं मी पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, दिली. त्याला अजून माहीत नाही. प्लीज कोणी सांगू नका.

वाड्यातली
@एक_आई काकू अहो!!! माझ्या आईने पण हेच केलं होतं. पस्तीवाला चाळीस रुपये देऊन गेला वर. माझ्या आख्ख्या सेमिस्टरचे.

शितं_आणि_खळ
माझा किस्सा पतंगाचाच आहे खरं तर. मी जर्मनीत होतो, २०२४ ला मास्टर्स सुरू. जायच्या आधी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, वर्षाचे ११,९०४ युरो भरून ठेवायचे, महिन्याला ९९२ हातात. बाबांनी एफडी मोडली तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो, पण ते जाऊ दे. तर तिथे रविवारी दुकानं बंद. सगळी. हे माहीत होतं पण सवय नव्हती. सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन, शनिवारी रात्री साडेअकराला गोंद संपला. १:१०० चं मॉडेल, ग्रे कार्डबोर्ड, २४० की काय तुकडे कापून ठेवलेले आणि चिकटवायला काही नाही. वर्कशॉपला कुलूप. शेजारच्या मुलीकडे हॉट ग्लू होता पण त्याचे लोंबते धागे दिसतात, आमच्या मॅडमना ते अजिबात चालत नसे.
मग आठवलं. लहानपणी पतंग फाटला की आजी कुकरमधली शितं द्यायची, ती बोटाने चोळून लावायची, सुकलं की कागद फाटेल पण जोड सुटणार नाही. भात तर होताच. तो परत पाण्यात शिजवून चमच्याने घोटला, ब्रशने लावला, वर पुस्तकं ठेवली. रात्रभर. पुठ्ठा थोडा वाकला ओलाव्याने हे खरं, पण उभं राहिलं! मॅडमनी बोट लावून विचारलं हे काय वापरलंस, इतका स्वच्छ जोड. मी म्हटलं राइस. त्यांना वाटलं कुठल्या तरी कंपनीचं नाव आहे, त्यांनी स्पेलिंग विचारलं.

दक्षिणायन
स्पेलिंग विचारलं 🤣🤣 अरे ऑफिसात हसलो मोठ्याने

सुरसागरकाठ
खळच बेस्ट. आमच्याकडे अजून कणकेची खळ करतो पतंगाला. जरा मोरचूद टाकायचा म्हणजे किडा लागत नाही, पण पोरांपासून लांब ठेवा, विषारी असतो. जर्मनीत मिळतो का माहीत नाही 😀

डोळ्यावरझोप
सायकल + मॉडेल + वारा. इतकंच लिहिते, डेल्फ्टवाल्यांना कळेल.

वाड्यातली
@डोळ्यावरझोप अगंऽऽ तू पण? कधी होतीस? माझा ए० चा फोमबोर्ड पुलावर असा फुगला शिडासारखा की मी सायकलसकट उलट्या दिशेला. त्यात ते पायाने उलटं पेडल मारून लागणारं ब्रेक, आपल्याला सवय हाताच्या ब्रेकची. बोर्ड कालव्यात, एक म्हातारे आजोबा काठीने ओढून काढत होते आणि डचमध्ये मला काहीतरी समजावत होते. मी रडत होते आणि डांके वेल डांके वेल करत होते.

डोळ्यावरझोप
२०१६-१८. आमच्या वेळी ते नारिंगी पायऱ्यांचं होतं ना हॉलमध्ये, त्यावर झोपायचो आम्ही. आणि कॉफी मशीनला सगळे नमस्कार करायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १३ मे २००८ ला तिथली आर्किटेक्चरची जुनी तेरामजली इमारत जळाली, कारण काय तर कॉफीच्या मशीनमध्ये पाणी गळून शॉर्ट सर्किट. कोणाला काही झालं नाही नशिबाने. खुर्च्यांचा मोठा संग्रह होता तो वाचवला. मग युनिव्हर्सिटीच्या जुन्या मुख्य इमारतीत काही महिन्यांत आख्खं कॉलेज बसवलं, तेच आता कायमचं. आमचे सीनियर सांगायचे कॉफी प्या पण मशीनशी भांडू नका.

पार्ट_टू_पोरगा
आगीवरून, मी ग्लासगोत होतो १५ जून २०१८ च्या रात्री. तिथल्या आर्ट स्कूलची, मॅकिंटॉश या आर्किटेक्टने केलेली इमारत परत पेटली. परत म्हणजे २०१४ मध्ये एकदा लागलेली, दुरुस्ती होत आलेली, लायब्ररीचं लाकूडकाम नव्याने घडवणं चाललेलं. आम्ही टेकडीखाली रस्त्यावर उभे. कोणी काही बोलत नव्हतं. मला का कोण जाणे आपलं बडोद्याचं न्यायमंदिर, जुनं कोर्ट, आठवत होतं, लहानपणी बाबांबरोबर तिथे तारखेला जायचो, फरशीवर घसरायचो. घरी फोन केला तर इथे पहाटेचे पाच, बाबा घाबरले, म्हटलं काही नाही, एक इमारत जळतेय. म्हणाले तुझी आहे का? मी म्हटलं नाही, पण हो.

एक_आई
बाळा 🙏

कडक_चहा
वातावरण गंभीर झालं. कोणी स्मोक अलार्मचं लिहा. फोडणी दिली की बोंब मारणारा.

दक्षिणायन
लिहितो. हिंग + मोहरी + स्टुडंट हाउसिंग = सात मजले रस्त्यावर, रात्री दहाला, पायजम्यात. फायर ब्रिगेडचा माणूस वर जाऊन आला आणि विचारतो, कोण काय शिजवत होतं, वास छान आहे. पुढे सहा महिने मी आमटी न करता फक्त दहीभात खाल्ला.

डोळ्यावरझोप
मी तर जेवणाच्या आधी क्रिटचं सांगते, म्हणजे सरांपुढे काम मांडायचं ते. आपल्याकडे जुरीत सर मॉडेलचं छप्पर उपटून हातात देतात, "हे काय आहे?" एवढं म्हटलं की आपण समजायचं. तिथे सगळे गोड. इंटरेस्टिंग, इंटरेस्टिंग. मी खूश होऊन घरी. महिनाभराने कळलं इंटरेस्टिंग म्हणजे बदल. आणि मित्रांनी सरांना एकेरी नावाने हाक मारलेली ऐकली की माझ्या अंगावर काटा यायचा, मी दोन वर्षं नावच घेतलं नाही, 'एक्सक्यूज मी' वर काढली.

माळ्यावरचा
मी कुठे गेलो नाही, इथेच शिकलो, इथेच काम. पण वाचून एक लिहावंसं वाटलं. आमच्या बॅचमधले बाहेर गेलेले परत आले की जीएसएफसी या खत कंपनीची कॉलनी बघायला जातात, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी केलेली. इथे असताना शाळेच्या बसमधून रोज बघायचे तेव्हा कोणी मान वळवली नाही. २०१८ ला दोशींना प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरचं सगळ्यात मोठं पारितोषिक, मिळालं आणि एकदम सगळ्यांना बघायची होती. मी पण त्यातलाच म्हणा. आणि हो, बाहेरची डिग्री घेऊन इथे प्रॅक्टिस करायची असेल तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन लागतं, ती डिग्री मान्य आहे का ते जायच्या आधी बघा, आल्यावर नाही. पोरं हे विचारतच नाहीत.

एक_आई
@माळ्यावरचा भाऊ हे नीट सांगा, मिलानचं काय? वेगळं लिहा ने प्लीज.

माळ्यावरचा
काकू, मुलाला कौन्सिललाच लेखी विचारायला सांगा, कॉलेज आणि कोर्सचं पूर्ण नाव घालून. ऐकीव माहितीवर राहू नका, माझ्या पण.

कडक_चहा
वाड्यातली ताई शेवटचं विचारतोय, पतंगाचं काय झालं??

वाड्यातली
अरे सांगायचंच राहिलं, पाहुणे होते. डेल्फ्टवाला पहिल्याच पेचात गेला. वाडा मात्र चांगला दुपारभर टिकला, दोन काटले पण त्याने, मग साडेचारला ढील देता देता गेला, दांडिया बाजाराच्या बाजूला. भाची रडायला लागली आणि मीच तिची समजूत घालतेय!

सुरसागरकाठ
थांबा थांबा. आमच्या गच्चीवर एक पिवळा पतंग पडलाय, टाकीच्या मागे. काहीतरी रेघा आहेत.

वाड्यातली
खरंच?? कोपऱ्यात सेक्शन ए-ए लिहिलंय का बघा, पेन्सिलीने

सुरसागरकाठ
काढला काठीने. नाही ताई, एका पुढाऱ्याचा फोटो आहे, रेघा म्हणजे मिशा होत्या. फेकू का?

वाड्यातली
नको हो, पोरांना द्या. उद्या वासी उत्तरायणला उडेल.