मदत हवी आहे: नर्ब्स पृष्ठभागासाठी नोंदवलेली कॉलबॅक फंक्शने चालतच नाहीत

मिरज_खर्ज (धागाकर्ता)
नमस्कार. गेले 4 दिवस एकाच ठिकाणी अडकलो आहे आणि शनिवारी फाइल द्यायची आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. नर्ब्स म्हणजे नियंत्रण बिंदूंवरून गणिताने काढलेला वक्र पृष्ठभाग. ओपनजीएल या त्रिमितीय चित्रणाच्या प्रणालीच्या जीएलयू लायब्ररीतील ग्लूनर्ब्सकॉलबॅक वापरून मी बिगिन, व्हर्टेक्स (शिरोबिंदू), नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) आणि एंड या चारही घटनांसाठी माझी कॉलबॅक फंक्शने, म्हणजे लायब्ररीने स्वतः चालवायची फंक्शने, नोंदवली आहेत. पृष्ठभाग पडद्यावर व्यवस्थित दिसतो, माउसने फिरवताही येतो. परंतु माझे एकही फंक्शन चालत नाही. प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत संदेश छापण्याची सूचना घालून पाहिली, तरी काहीच छापले जात नाही. कंपायलरची काही तक्रार नाही. नोंदणीचा क्रम चुकत असेल का? कृपया लवकर सांगा.

वारणाकाठ
तुमचा कंबाइन कॉलबॅक नोंदवायचा राहिला असावा. जमिनीच्या गटांचे नकाशे रंगवण्याच्या कामात मी हे भोगले आहे: दोन कडा एकमेकींना छेदू लागल्या की त्या छेदनबिंदूवर नवा शिरोबिंदू तयार करावा लागतो, आणि तो कसा करायचा हे सांगणारे फंक्शन ग्लूटेसकॉलबॅकने दिलेले नसेल तर टेसेलेटर (आकृतीचे त्रिकोण पाडणारा भाग) काम अर्धवट सोडतो. ते आधी नोंदवा, बाकीचे आपोआप सुरळीत होईल.

अजिंक्यतारा_77
वारणाकाठ, आपण सांगता ते खरे आहे, परंतु ते बहुभुजांच्या टेसेलेशनबद्दल आहे. धागाकर्त्यांचा प्रश्न वक्रपृष्ठाचा आहे, आणि तिथे कंबाइन नावाचा कॉलबॅकच नसतो. नावे सारखी असल्यामुळे हा घोटाळा अनेकांचा होतो.

धागाकर्ते, आपण जे लिहिलेले नाही तेच महत्त्वाचे आहे. नर्ब्स ऑब्जेक्ट मुळात रेंडरर मोडमध्ये तयार होतो. त्या मोडमध्ये तो त्रिकोण स्वतःच ओपनजीएलकडे पाठवतो आणि तुमच्या फंक्शनांना विचारतही नाही. फक्त चूक कळवणारा कॉलबॅक दोन्ही मोडमध्ये चालतो. म्हणून ग्लूनर्ब्सप्रॉपर्टीने जीएलयू_नर्ब्स_मोड बदलून जीएलयू_नर्ब्स_टेसेलेटर केला आहे का? शिवाय, संगणकप्रणाली कोणती आणि जीएलयूची आवृत्ती कोणती?

कृष्णाकाठचा_कोडर
माझे स्पष्ट मत असे की या जुन्या वाटेने जाऊच नये. 2010 मध्ये ओपनजीएल 4.0 सोबत टेसेलेशन शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) आले, तेव्हापासून नियंत्रण बिंदू पॅच म्हणून पाठवायचे आणि विभागणी ग्राफिक्स कार्डावर सोपवायची, हीच सरळ पद्धत आहे. त्यात कॉलबॅक नोंदवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मिरज_खर्ज
मोड बदललेला आहे. तो आवश्यक असतो हे मला ठाऊक होते, त्यामुळे वेगळे लिहिले नाही. विंडोज आहे.

शेडरबद्दल: मला चित्र नको, त्रिकोण फाइलमध्ये हवे आहेत. आमच्या ओळखीतले एक सतारमेकर तंबोरे बाहेरगावी पाठवतात आणि वाटेत भोपळ्याला तडा जातो. भोपळ्याच्या नेमक्या आकाराचा फोमचा साचा कुपवाड एमआयडीसीतील राउटरवर (कोरीवकामाच्या यंत्रावर) कोरून घ्यायचा आहे आणि तिथल्या लोकांना एसटीएल फाइल (त्रिकोणांची यादी) लागते. भोपळ्यावर खडूने 12 उभ्या व 8 आडव्या रेषा आखून कॅलिपरने मापे घेतली आहेत.

कृष्णाकाठचा_कोडर
ट्रान्सफॉर्म फीडबॅक वापरल्यास शेडरमधून बाहेर पडणारे त्रिकोणही बफरमध्ये परत घेता येतात, त्यामुळे माझा सल्ला कायम आहे.

अजिंक्यतारा_77
घेता येतात हे मान्य आहे. तथापि टेसेलेशन शेडरला नर्ब्स कळत नाही. नॉट व्हेक्टरवरून (पॅरामीटरच्या टप्प्यांच्या यादीवरून) बेसिस फंक्शने (प्रत्येक नियंत्रण बिंदूचा वाटा) काढण्याचे गणित शेडरमध्ये स्वतः लिहावे लागेल. एका भोपळ्यासाठी, तेही शनिवारच्या आत, हा मार्ग मी सुचवणार नाही.

हरिपूर_संगम
भोपळा गोल असतो. एका बाजूचा छेद घ्या आणि तो अक्षाभोवती फिरवा. नर्ब्स कशाला हवे?

मिरज_खर्ज
हा भोपळा गोल नाही. वेलीवर असताना जमिनीला टेकलेली बाजू चपटी राहिली आहे. कॅलिपरने 380 मिलिमीटर आणि काटकोनात 366 मिलिमीटर असा व्यास मिळतो. फिरवून काढलेल्या साच्यात तो एका बाजूला हलेल, आणि तडा तिथूनच जाईल.

अजिंक्यतारा_77
विंडोज म्हटल्यावर शंका बळावली. विंडोजसोबत येणारी जीएलयू 1.2 आवृत्तीची आहे, तर टेसेलेटर मोड आणि त्याचे कॉलबॅक 1.3 मध्ये प्रमाणित झाले. विंडोजच्या मूळ हेडर फाइलमध्ये (लायब्ररीतील नावे कंपायलरला सांगणाऱ्या फाइलमध्ये) ही नावेच नाहीत, त्यामुळे तुमचा कोड कंपाइलच व्हायला नको होता. हेडर कुठून आणली?

मिरज_खर्ज
नावे सापडत नव्हती म्हणून इंटरनेटवरून नवी हेडर फाइल उतरवून घेतली होती. त्यानंतर सगळे कंपाइल झाले, म्हणून त्याचा उल्लेख करावासा वाटला नाही.

अजिंक्यतारा_77
दोष इथेच आहे. हेडर 1.3 ची आणि लायब्ररी 1.2 ची. हेडरमध्ये जीएलयू_नर्ब्स_मोड म्हणजे केवळ 100160 हा आकडा असतो. कंपायलर तो आकडा मुकाट्याने पुढे पाठवतो, लायब्ररीला तो ओळखता येत नाही, ती विनंती नाकारते आणि ऑब्जेक्ट पूर्वीच्याच रेंडरर मोडमध्ये राहतो. तुमच्या कॉलबॅकच्या नोंदणीचेही तेच होते. पृष्ठभाग दिसतो आणि फंक्शने चालत नाहीत, या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. तुम्ही ग्लूनर्ब्सकॉलबॅकडेटा वापरले असते, तर ते फंक्शन जुन्या लायब्ररीत नसल्यामुळे लिंकरने तुम्हाला पहिल्याच दिवशी अडवले असते.

खात्रीसाठी ग्लूगेटस्ट्रिंगने जीएलयू_व्हर्जन छापा. त्याचबरोबर, इतर कशाच्याही आधी जीएलयू_नर्ब्स_एरर साठी फंक्शन नोंदवा आणि मिळालेला आकडा ग्लूएररस्ट्रिंगला द्या. नॉट कमी पडले की 100252, नॉटचा क्रम उतरता झाला की 100254, असे नेमके कारण त्यातून कळते. एवढे एक फंक्शन असते तर हे 4 दिवस गेले नसते, असे मला मनापासून वाटते.

मिरज_खर्ज
1.2 ने सुरू होणारा मजकूर छापला गेला. आभारी आहे. धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, तिथे मेसा या मुक्त ओपनजीएल प्रकल्पाची जीएलयू घालून तोच कोड चालवला आणि फंक्शने लगेच चालू लागली! आता नवी अडचण: व्हर्टेक्स कॉलबॅकमध्ये येणारे पॉइंटर मी यादीत साठवतो, पण शेवटी यादी छापली तर जवळजवळ सगळे बिंदू सारखेच येतात. शिवाय बिंदूंची संख्या फार मोठी आहे.

वारणाकाठ
हे मात्र मी खात्रीने सांगू शकतो, कारण बहुभुजांच्या कामातही पॉइंटरमुळे मला असाच त्रास झाला होता. तो पॉइंटर लायब्ररीच्या तात्पुरत्या जागेकडे निर्देश करतो आणि पुढच्या बिंदूला तीच जागा पुन्हा वापरली जाऊ शकते. फंक्शनमध्ये शिरताच तिन्ही आकडे स्वतःच्या यादीत उतरवून घ्या. नॉर्मल आधी येतो आणि शिरोबिंदू नंतर, म्हणून ताजा नॉर्मल बाजूला ठेवून पुढच्या शिरोबिंदूला जोडा. बिगिनमध्ये येणारा प्रकारही जपून ठेवा. तो ट्रँगल स्ट्रिप, ट्रँगल फॅन किंवा क्वाड स्ट्रिपही असू शकतो, आणि स्ट्रिपमध्ये एकाआड एक त्रिकोणाची दिशा उलटवली नाही तर राउटरच्या सॉफ्टवेअरला आत-बाहेर कळणार नाही.

अजिंक्यतारा_77
संख्येबद्दल: सॅम्पलिंग मेथड (त्रिकोण किती बारीक पाडायचे ते ठरवणारी पद्धत) डोमेन डिस्टन्स ठेवली आहे का? आणि नॉट कसे आहेत?

मिरज_खर्ज
होय, डोमेन डिस्टन्स. यू दिशेला (भोपळ्याभोवती) 13 बिंदू (पहिला व शेवटचा एकच) आणि व्ही दिशेला (वर-खाली) 8. दोन्हीकडे ऑर्डर 4. नॉट 17 आणि 12. यू 0 ते 10, व्ही 0 ते 5.

अजिंक्यतारा_77
यू स्टेप व व्ही स्टेप मूळचे 100 असतात, आणि ते पूर्ण लांबीसाठी नसून पॅरामीटरच्या दर एककासाठी असतात. म्हणजे 1000 गुणिले 500 चौकटी, सुमारे 10 लाख त्रिकोण. बायनरी एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोणाला 50 बाइट लागतात, त्यामुळे फाइल 50 एमबीच्या घरात जाते. दोन्ही स्टेप 10 करा. सुमारे 10 हजार त्रिकोण होतील आणि फाइल अर्ध्या एमबीची होईल. फोमला एवढे पुरेसे आहे.

डोमेन डिस्टन्सच ठेवा. मूळची पाथ लेंग्थ पद्धत पडद्यावरील पिक्सेल मोजते, त्यामुळे खिडकीचा आकार बदलला की त्रिकोणही बदलतात.

हरिपूर_संगम
माझा आधीचा सल्ला मागे घेतो, परंतु एक विचारायचे आहे. कॅलिपरने मोजलेले बिंदू तुम्ही थेट नियंत्रण बिंदू म्हणून दिले आहेत का?

मिरज_खर्ज
होय, थेट दिले आहेत. पृष्ठभागाचा छेद पुठ्ठ्यातून कापून भोपळ्याला लावून पाहिला, अगदी बरोबर बसला.

हरिपूर_संगम
छेद कोणत्या रेषेवरचा घेतला होता?

मिरज_खर्ज
पहिल्या उभ्या रेषेवरचा, यू शून्य असलेला.

हरिपूर_संगम
तर मग फाइल देऊ नका. तुमचे नॉट टोकांना चार-चार वेळा आलेले आहेत, म्हणून पृष्ठभागाची कड त्या पहिल्या रेषेच्या बिंदूंवर आधारलेली राहते. अधल्यामधल्या रेषांवर तो नियंत्रण बिंदूंच्या आतून जातो. तुमचे बिंदू 30 अंशांवर आहेत आणि त्रिज्या सुमारे 190 मिलिमीटर आहे. घन (ऑर्डर 4 ची) बी-स्प्लाइन वक्ररेषा अशा बिंदूपाशी त्रिज्येच्या साधारण 95.5 टक्क्यांवर येते, म्हणजे साडेआठ मिलिमीटर आत. सातव्या रेषेवर पुठ्ठा लावून पाहा.

मिरज_खर्ज
आत्ता सतारमेकरांच्या दुकानात जाऊन लावला. पुठ्ठा भोपळ्यावर बसतच नाही, दोन्ही टोके वर उचलली जातात. याच फाइलवरून कोरले असते तर भोपळा साच्यात दाबून बसवावा लागला असता.

हरिपूर_संगम
मोजलेल्या बिंदूंतून जाणारा पृष्ठभाग हवा असेल तर नियंत्रण बिंदू उलट दिशेने काढावे लागतात: प्रत्येक मोजलेल्या बिंदूपाशी बेसिस फंक्शनांच्या किमती मांडा आणि ती समीकरणे सोडवा. आधी 13 ची प्रणाली प्रत्येक आडव्या रेषेसाठी, मग 8 ची प्रणाली प्रत्येक स्तंभासाठी. कॉलबॅकच्या कोडला हात लावण्याची गरज नाही.

कृष्णाकाठचा_कोडर
हे गणित शेडरच्या मार्गानेही करावेच लागले असते, हे मी मान्य करतो. 13 बाय 13 ची प्रणाली सोडवणारे छोटे फंक्शन माझ्याकडे तयार आहे, आज रात्री इथे टाकतो.

मिरज_खर्ज
कृपया टाका. दुकानातून निघताना सतारमेकर म्हणाले की फोम आणि भोपळा यांच्यामध्ये 2 मिलिमीटर जाडीचे बनातीचे अस्तर बसवायचे आहे. तेवढे अंतर नॉर्मल कॉलबॅकमधून आलेल्या दिशेने प्रत्येक शिरोबिंदू बाहेर सरकवून घेणार आहे. सातव्या आणि दहाव्या रेषेवर पुठ्ठा लावून मगच फाइल देईन.