'टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन'ला 'आकार' म्हणून चालेल का?

अनुवादक, दादर: प्रवाहमार्गांच्या संगणकीय रचनेवरील एका लेखाचा मी सध्या विज्ञानविषयक मासिकासाठी अनुवाद करीत आहे. 'टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन'साठी, म्हणजे कोठे पदार्थ असावा आणि कोठे पोकळी हे गणिताने ठरवण्याच्या पद्धतीसाठी, मी 'संस्थिती-इष्टतमीकरण' असे लिहिले होते. 'संस्थिती'पाशी वाचक अडखळेल म्हणून संपादकांनी ते खोडले आणि 'आकाराची सर्वोत्तम निवड' असे सुचवले. अडचण अशी की, पुढच्याच परिच्छेदात मूळ लेखक 'शेप ऑप्टिमायझेशन' ही निराळी पद्धत असल्याचे सांगतो. दोन्हींना 'आकार'च म्हटले, तर तो परिच्छेद निरर्थक होतो. जाणकारांनी शब्द सुचवावा. 'फ्लुइड'साठी, म्हणजे द्रव किंवा वायू अशा वाहत्या पदार्थासाठी, काय वापरावे, हेही सांगावे.

यंत्र अभियंता, पवई: संपादकांचा बदल कृपया स्वीकारू नका, कारण या विषयाचा प्राणच त्या भेदात आहे. आकार बदलताना वस्तू एक आहे की दोन, तिला भोके किती, हे आधीच ठरलेले असते आणि फक्त कड इकडेतिकडे सरकते. फ्रेंच गणितज्ञ पिरोनो यांनी 1973 मध्ये संथ, श्यान (दाट, चिकट) प्रवाहात कमीत कमी रोध होणारी वस्तू कशी असावी हे शोधले, ते आकाराचे काम होते. बोरवाल आणि पेटरसन या संशोधकांनी 2003 मध्ये जे केले ते वेगळे आहे. त्यांनी रिकामा चौकोन घेतला, त्याचे बारीक घटक पाडले आणि प्रत्येक घटकात द्रव असावा की घन, हे गणितावर सोपवले. घन म्हणजे प्रवाहाला प्रचंड घर्षण करणारा सच्छिद्र पदार्थ, असे मानल्यामुळे सगळीकडे एकच समीकरण लावता येते. ऊर्जेचा व्यय कमीत कमी व्हावा आणि द्रवाला ठरावीक जागाच मिळावी, एवढ्याच अटी असतात.

त्यांचे दुहेरी नळीचे उदाहरण पाहा. डावीकडे दोन प्रवेश, उजवीकडे त्यांच्यासमोर दोन निर्गम आणि द्रवासाठी एकूण जागेचा एक तृतीयांश भाग. चौकोन आखूड असला, तर दोन सरळ नळ्या मिळतात. लांबी दीडपट केली, तर दोन्ही प्रवाह मध्ये एकत्र येऊन एकच रुंद नळी होते आणि शेवटी पुन्हा दुभंगतात. कारण साधे आहे: दोन समांतर भिंतींमधल्या संथ प्रवाहाचा रोध रुंदीच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत दोन प्रवाह एकत्र नेले तर दर लांबीमागे ऊर्जाव्यय एक चतुर्थांशावर येतो. वाट वाकवण्याचा खर्च लांब अंतरातच भरून निघतो. दोनाची एक नळी होणे याला 'आकार' कसे म्हणणार?

गणिताची प्राध्यापिका, विलेपार्ले: सरांशी सहमत आहे, परंतु 'संस्थिती'ही मला येथे पटत नाही. वर्गात आम्ही तो शब्द एका संपूर्ण गणितशाखेसाठी वापरतो. सम् आणि स्था यांतून 'एकत्र टिकून राहणे' असा जो भाव येतो, तो या पद्धतीच्या नेमका उलट आहे, कारण येथे काहीच टिकून राहत नाही. काय कशाला जोडलेले आहे, एवढाच प्रश्न असेल, तर 'जोडणी-इष्टतमीकरण' सरळ आहे.

नळकाम कंत्राटदार, लालबाग: मॅडम, मुंबईत 'जोडणी' म्हटले की नळजोडणीच आठवते. महापालिकेच्या अर्जावर 'जलजोडणी' असते, सोसायटीच्या सूचनाफलकावरही तेच असते. आमच्या कामात टी, वाय, एल्बो हे सगळे 'जोड' आहेत. लाइन कुठून कुठे न्यायची आणि कुठे फोडायची, याला आम्ही 'मांडणी' म्हणतो. माझे वडीलही हेच म्हणत. हा शब्द कोणालाही कळेल.

यंत्र अभियंता, पवई: 'मांडणी' कानाला बरी वाटते, पण मांडायला आधी वस्तू हाताशी लागतात. या पद्धतीत सुरुवातीला एकही नळी नसते, सगळीकडे अर्धवट द्रव, अर्धवट घन असा करडा रंग असतो आणि नळ्या त्यातून हळूहळू उमटतात.

निवृत्त मुद्रितशोधक, गिरगाव: दुसऱ्या प्रश्नाकडे कोणीच वळले नाही. 'फ्लुइड'साठी मराठी विश्वकोशाने 'द्रायू' रूढ केला आहे आणि 'द्रायुयामिकी' हे त्या शास्त्राचे नाव आहे. द्रव आणि वायू दोन्ही एकाच शब्दात बसवणारी इतकी नेटकी घडण क्वचित सापडते. ती सोडून 'तरल' लिहिण्याची हिंदीची सवय आपल्याकडे शिरत आहे, याचे मला दुःख होते. मराठीत भावना तरल असते, पाणी नव्हे.

नळकाम कंत्राटदार, लालबाग: आजोबा, 'तरल'बद्दल आपण म्हणता ते खरे आहे. परंतु 'द्रायू' मी आज प्रथमच वाचला. ज्या शब्दाचा अर्थ दरवेळी सांगावा लागतो, तो वाचकाचा कसा?

निवृत्त मुद्रितशोधक, गिरगाव: 'महापौर' आणि 'दूरध्वनी' हेही कधीतरी कोणी प्रथमच वाचले होते. शब्द छापला गेला नाही, तर तो रुळणार कोठून?

गणिताची प्राध्यापिका, विलेपार्ले: येथे 'द्रायू'च हवा, कारण संगणकाच्या चिपवरील शीतपट्टीत पाणी वाहते, तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या रचनेत हवा. 'द्रव' लिहिल्यास दुसरे उदाहरण बाहेर पडते. 'प्रवाही' हे मुळात विशेषण आहे आणि नामाचे ओझे त्याला पेलत नाही.

अनुवादक, दादर: 'द्रायू' मी ठेवते आणि पहिल्या उल्लेखातच अर्थ देते. मात्र संपादक 'सर्वोत्तम' सोडायला तयार नाहीत. 'इष्टतम' कृत्रिम आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

यंत्र अभियंता, पवई: 'सर्वोत्तम' येथे असत्य ठरेल. दुहेरी नळीच्याच उदाहरणात दोन सरळ नळ्या हेही एक स्थानिक उत्तर आहे, म्हणजे आसपासच्या रचनांपेक्षा चांगले, पण सगळ्यांत चांगले असेलच असे नाही. सुरुवातीचा अंदाज बदलला, तर गणना तेथेच थांबू शकते आणि त्याहून चांगली रचना आहे, हे तिला कळतही नाही. 'इष्ट' शब्दात निदान कोणाचे तरी उद्दिष्ट गृहीत आहे. उद्दिष्ट ऊर्जाव्ययाचे की तापमानाचे, यावर रचना बदलते, हे त्या शब्दाला शोभते.

निवृत्त मुद्रितशोधक, गिरगाव: मग 'इष्टतम' तरी कसे? 'तम' लावले की पुन्हा 'सर्वांत' आलेच. 'इष्टतर' म्हणा.

गणिताची प्राध्यापिका, विलेपार्ले: 'इष्टतर' म्हटले तर कशापेक्षा, हा प्रश्न उरतो. गणितात निकष आणि अटी ठरल्यावर 'तम' हे साध्य असते, गणना तिथवर पोहोचो वा न पोहोचो. पद्धतीचे नाव तिच्या साध्यावरून ठेवावे, तिच्या मर्यादेवरून नव्हे.