लहान चिनी शहरात आपण 'त्यांच्यातले' होतो का?

वाळूजकर: काल इथे कुणीतरी सल्ला दिला, "शांघायचा नाद सोडा, लहान शहरात जा. स्वस्ताई आहे, लोक डोक्यावर घेतात, वर्षभरात त्यांच्यातलेच होता." वाचून डोकं फिरलं. मध्य चीनच्या हुबेई प्रांतातल्या जिंगझोऊत मी पाच वर्षं एमबीबीएस केलं. पाचव्या वर्षीही रस्त्यात पोरं 'लाओवाय, लाओवाय' ओरडायची, म्हणजे 'परदेशी, परदेशी'. एकदा जवळच्या गावात रात्री अकराला पोचलो, तर दोन हॉटेलांनी पासपोर्ट बघूनच नकार दिला. परदेशी माणसाची नोंद करता येत नाही म्हणे. मित्राकडे उतरलो तर 24 तासांत पोलिस चौकी गाठायची. लाड होतात, खोटं नाही बोलणार. पण ते पाहुण्याचे.

यीवूकर: हॉटेलांनी परदेशी माणसाला परत पाठवू नये असं तिथल्या सरकारनं 2024 मध्ये बजावलंय, तुमचा अनुभव जुना आहे. मी नऊ वर्षं पूर्व चीनमधल्या यीवूत आहे. बाळंतपणाला आई येऊ शकली नाही, व्हिसा अडला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी महिनाभर लाल खजूर, आलं आणि तांबडी साखर घालून उकळलेलं पाणी आणून दिलं. गार पाण्याला हात लावू दिला नाही. बाळंतिणीचा महिना तिथेही आपल्यासारखाच पाळतात. त्यांना मी 'आयी' म्हणते. तिकडे मावशीला हाच शब्द. मला कुणी परकं म्हटलेलं नाही.

वाळूजकर: यीवू लहान? जगभरचे व्यापारी तिथे माल भरायला येतात! जिंगझोऊत मी चिनी शिकलो, परीक्षा दिली, आणि वॉर्डात पहिल्याच आजींचं बोलणं कळलं नाही. त्या भागात बऱ्याच जणांच्या बोलीत 'न' आणि 'ल' एकच. दूध म्हणजे 'निउनाय', आजी म्हणाल्या 'लिउलाय'. इथल्या एजंटनं सांगितलं होतं, सगळं इंग्रजीत असतं. बापाचं शेत गहाण होतं हो!

हार्बिनचा: थंडीबद्दल कुणीच का बोलत नाही? उत्तर आणि दक्षिण चीन वेगळे करणाऱ्या छिनलिंग डोंगर आणि हुआय नदीच्या दक्षिणेला सरकारी हीटिंग नाही. उत्तरेकडच्या हार्बिनला बाहेर उणे 20 आणि घरात आम्ही बनियनवर. हुबेईत माझा भाऊ घरात कोट घालून जेवायचा, बोटं सुजायची. पोरांना पाठवताना हे कोण सांगतं?

यीवूकर: यीवूतही तेच. पण आयीसुद्धा तशीच कुडकुडते. त्याचा परकेपणाशी काय संबंध?

हार्बिनचा: संबंध आहे! तिच्याकडे गरम गादी आहे. माझ्या भावाच्या वसतिगृहात विजेची गादी जप्त केली, आगीच्या भीतीनं. त्याला न्युमोनिया झाला. हे तुम्ही भोगलेलं नाही, म्हणून सोपं वाटतं.

यीवूकर: भावाचं वाईट वाटलं. पण वसतिगृहात चिनी मुलांच्याही गाद्या जप्त होतात.

सोलापुरी: डॉ. कोटणीस आमच्या गावचे. 1938 मध्ये चीनला गेले, भाषा शिकले, तिथल्या नर्सशी लग्न केलं, 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले. उत्तरेकडच्या हेबेई प्रांतात (हुबेई नव्हे) लोक आजही त्यांच्या समाधीला फुलं वाहतात. मन असेल तर माणूस रुजतो.

वाळूजकर: दरवेळी कोटणीस! युद्धात जखमींना वाचवणारा डॉक्टर आणि फी भरून गेलेला पोरगा यांना एका तागडीत घालू नका. तरी एक सांगतो. जानेवारी 2020 मध्ये मी सुट्टीला घरी आलो आणि मागे कोरोनामुळे शहर बंद झालं. सामान खोलीवरच राहिलं. ऑगस्ट 2022 पर्यंत आम्हा विद्यार्थ्यांना व्हिसा नव्हता. गेटसमोर नूडल्स विकणाऱ्या बाईनं माझी पुस्तकं दुकानाच्या माळ्यावर ठेवली, दर पावसाळ्यात उन्हाला घालून फोटो पाठवायची. तेवढं मान्य. पण त्या फोटोखालीसुद्धा ती मला 'लाओवाय'च लिहायची.

यीवूकर: आणि तुम्ही तिला काय म्हणायचात?