घरचा डेस्कटॉप रात्री बंद करायचा की स्लीपला टाकायचा?

वडगावकर

या एका गोष्टीवरून आमच्या घरात रोज रात्री वाद होतो, म्हणून इथं मांडतो. माझं मत सरळ आहे. आपल्या बेळगाव भागात डेस्कटॉप रात्री शटडाउनच करायचा, भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि वळवाचे दिवस असतील तर पिनसुद्धा काढायची. स्लीप लॅपटॉपला ठीक आहे, त्याच्या पोटात बॅटरी असते. डेस्कटॉप स्लीपला टाकला की उघडं काम सगळं रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीत, राहतं आणि रॅमला सतत करंट लागतो. लाइट गेली की रॅम कोरी.

गेल्या मे महिन्यात धाकटीनं शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज रात्री अकरापर्यंत भरला. चार पानं झाली होती, पाचवं सकाळी भरू म्हणून स्लीपला टाकून झोपली. रात्री वळीव आला, गल्लीची लाइट गेली. सकाळी बटण दाबलं तर मशीन पहिल्यापासून सुरू झाली आणि अर्जाची सगळी पानं कोरी. शेवटचा दिवस होता. पोरगी कीबोर्डवर डोकं ठेवून रडत होती. ते बघितल्यापासून मी स्लीपच्या विरोधात आहे.

अनगोळ डीटीपी

वडगावकर भाऊ, मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचा नियम माझ्यासारखीला परवडत नाही. मी घरीच लग्नपत्रिका करते. तुळशीचं लग्न झालं की माझ्या स्क्रीनवर एका वेळी पाच-सहा पत्रिका उघड्या असतात. कितीतरी घरांत एकच पत्रिका दोन भाषांत लागते, मुलाकडची मराठीत आणि मुलीकडची कन्नडमध्ये. फाँट वेगळे, कीबोर्ड वेगळा, मापं वेगळी. सकाळी सहाला फोन येतो, "ताई, थोरल्या मामांचं नाव राहिलं, प्रेसला जायच्या आत घाला की." स्लीपमध्ये असेल तर एक कळ दाबली की चार सेकंदांत ती पत्रिका समोर. माझी मशीन जुनी, हार्ड डिस्कवाली. बंद असेल तर सगळं उघडून बसेपर्यंत दहा मिनिटं जातात, तोवर मामा स्वतः फोनवर आलेले असतात.

यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर थोडा वेळ करंट देणारा बॅटरीचा डबा लावा, झोपताना कंट्रोल-एस दाबा आणि बिनधास्त स्लीप करा. शिवाय रोज बंद-चालू केल्यानं मशीन झिजते असं मी ऐकलंय.

कॅम्पातला दुरुस्तीवाला

ताई, ते झिजण्याचं डोक्यातून काढा. स्लीपमध्येही पंखा थांबतो, हार्ड डिस्क थांबते आणि उठवली की पुन्हा फिरते. म्हणजे डिस्कच्या दृष्टीनं स्लीप काय आणि शटडाउन काय, सारखंच. घरच्या डिस्कला साधारण 50,000 वेळा थांबून सुरू होण्याची क्षमता दिलेली असते. दिवसातून चार वेळा धरलं तरी चौतीस वर्षं. त्याआधी डिस्क दुसऱ्याच कारणानं जाते. एसएसडीत, म्हणजे नव्या चिपवाल्या डिस्कमध्ये, तर फिरणारं काहीच नसतं.

आता वडगावकर अण्णांना विचारतो, तुम्ही शटडाउन करता ते खरंच पूर्ण होतं का? विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अप टाइम, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू धरलीय ते बघा. रोज रात्री बंद करणाऱ्यांच्या मशीनवर मी तिथं वीस-वीस दिवस बघितलेत. मशीन जड झाली, प्रिंटर ऐकेना, तर शटडाउननं फरक पडेलच असं नाही. रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून शटडाउन करा.

वडगावकर

आत्ता बघितलं. अकरा दिवस दाखवतंय! आणि मी रोज न चुकता बंद करतो. हे माहीत नव्हतं. पण लाइटचा मुद्दा त्यानं खोटा पडत नाही.

खानापूर

लाइट जाण्यापेक्षा आभाळातल्या विजेचं भय मोठं. आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूनं पाऊस चढला की झाडं तारांवर पडतात, त्याचं एक वेळ चालेल. पण मे महिन्यातल्या गडगडाटात माझा मदरबोर्ड गेला, आणि तो स्लीपला नव्हता, शटडाउन केलेला होता. पिन तेवढी आत होती. मशीन बंद दिसली तरी पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला 5 व्होल्ट जात असतातच, म्हणून तर आतला छोटा दिवा लागलेला असतो. पुढच्या खेपेला पिन काढली, तर इंटरनेटच्या वायरीतून झटका आला आणि राउटरसकट नेटवर्कचा पोर्ट जळला. तेव्हापासून दोन्ही काढतो. आधी बंद करायची, मग पिन, मग नेटची वायर. कडकडाट सुरू झाल्यावर हात लावायला जाऊ नये, आभाळ भरलं की लगेच काढावं.

निपाणी, हिशेबनीस

लाइट बिलाचा मुद्दा कुणी काढला नाही. साधा डेस्कटॉप स्लीपमध्ये 3 वॅटच्या आसपास खातो. दिवसरात्र धरलं तरी महिन्याला सव्वादोन युनिटं. उलट नुसता चालू ठेवून स्क्रीन बंद केलात तर 60 वॅट धरा, रात्रीचे आठ तास म्हणजे महिन्याला चौदा युनिटांच्या वर. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटकच्या फुकट विजेच्या योजनेत, आपल्याला जुनी सरासरी आणि वर साधारण दहा टक्के एवढीच युनिटं फुकट मिळतात, आणि 200 ओलांडली की अख्खं बिल अंगावर. काठावर असलेल्या घराला ही चौदा युनिटं नडतात. म्हणून माझा विरोध स्लीपला नाही, "राहू दे चालू" म्हणणाऱ्यांना आहे.

वडगाव, मागवाला

आमची अडचण वेगळीच. शेजारच्या खोलीत यंत्रमाग. रात्रपाळी सुरू झाली की टेबल थरथरतं, माउस हलतो आणि स्लीपला टाकलेली मशीन जागी होते. सकाळी बघावं तर स्क्रीन लख्ख उघडी. कंटाळून माउस उपडा ठेवायला लागलो.

कॅम्पातला दुरुस्तीवाला

डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसवर जा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये "या उपकरणाला कॉम्प्युटर जागा करू द्या" याची खूण काढा. कीबोर्डची राहू द्या.

आणि अर्जासारखं काम उघडं ठेवायचंच असेल, तर हायबरनेट करा. सगळी रॅम डिस्कवर उतरते, मशीन खरोखर बंद होते, पिन काढली तरी चालतं. विंडोजमध्ये ते लपवलेलं असतं, कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून मेन्यूत आणावं लागतं. बऱ्याच डेस्कटॉपांत हायब्रिड स्लीपही असतो, तो रॅम आणि डिस्क दोन्हीकडं ठेवतो. तो चालू असता तर पोरीची चार पानं बहुतेक वाचली असती. फक्त ब्राउझरमधला अर्ज फार वेळ पडून राहिला की साइट लॉगआउट करते, त्याला इलाज नाही.

रोज भिंतीवरचं बटण बंद करणाऱ्यांनी मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर लक्ष ठेवा. मेन बंद असताना घड्याळ त्याच्यावरच चालतं, त्यामुळं तो लवकर उतरतो. मग तारीख मागं जाते आणि बँकेची साइट उघडत नाही. सेल स्वस्तात मिळतो, घाबरू नका.

वडगावकर

हायबरनेट मेन्यूत आणलं. धाकटीला तेच शिकवतो. पण माझं शटडाउन मी सोडणार नाही. काम सेव्ह करून दिवस मिटवायची सवय पोरांना लागली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

अनगोळ डीटीपी

आणि मी स्लीप सोडणार नाही, मामांची नावं राहतात तोवर तरी नाही. पण खानापूरच्या भाऊंचं नेटच्या वायरीचं पटलं, ते कधी डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता येळ्ळूरच्या बाजूला काळं झालंय. पाचही पत्रिका सेव्ह केल्या, हायबरनेट करून पिन काढते. उरलेलं उद्या.