मदत हवी आहे: कुत्र्याच्या घरच्या जेवणाचं नेमकं प्रमाण सांगा

मुक्काम_धायरी
पॅकेटचं खाणं बंद केलंय. चिकन, भात, गाजर आणि लाल भोपळा कुकरला लावून देते. मीठ-तेल काही नाही. ताटली चाटूनपुसून लख्ख करतो. मला फक्त प्रमाण हवंय: चिकन किती, भात किती, भाज्या किती आणि दिवसाला एकूण किती. यूट्यूबवर प्रत्येकाचं वेगळंच. रविवारी आठवड्याचं शिजवून फ्रीजरला टाकायचंय, त्याआधी उत्तर द्या. 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहिणार असाल तर कृपया नको.

नारायणपेठी
जात? वजन? वय? काहीच न सांगता प्रमाण कसं सांगणार दादा?

मुक्काम_धायरी
दादा नाही, ताई. लॅब (लॅब्राडोर) आहे, १६ किलो. आता सांगा.

नाचणी_रोज
ताई, भात आजच थांबवा. तांदळात नुसता पिष्टमय भाग. त्याऐवजी नाचणीची पेज करा. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, भातात नावापुरतंच. आमच्या घरी दोन्ही कुत्री नाचणी आणि उकडलेल्या अंड्यावर आहेत, केस बघा कसे चमकतात. भाजीत दुधी घाला, पोटाला थंड.

जुना_पुणेकर
आमचा पॉमेरियन दूध-भाकरीवर म्हातारा होऊन गेला. घरात कधी मांस शिजलं नाही, त्याचं काही अडलं नाही. पूर्वी कुठे होती ही पॅकेटं?

कॅम्पातला_शेरू
काका, पॉम आणि लॅब यांची बरोबरी नको. आणि पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचत नाही, शी पातळ होते. ताई, शिजवण्याच्या भानगडीतच पडू नका. शिवाजी मार्केटमधून कोंबडीच्या माना आणि पाय आणा, कच्चेच द्या. हाडामासाचा हिशोब निसर्गाने करून ठेवलाय.

नारायणपेठी
कच्च्या कोंबडीत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. कुत्र्याला एक वेळ काही होणार नाही, पण घरात लहान मूल असेल, तोच कुत्रा त्याचं तोंड चाटेल, त्याचं काय?

कॅम्पातला_शेरू
मग शिजवलेलं हाड देणार का? शिजलं की ते ठिसूळ होतं, चिरफळ्या होऊन आतड्यात रुततात. मी कच्चंच म्हणतोय.

आभाळमाया_२
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या मांजरीला हेच चिकन-भात चालेल का? ती आमचंच ताट बघत बसते.

प्रसाद_वाटप
कांदा-लसूण कशातच घालू नका, रस्सा धुऊन दिला तरी नाही. तांबड्या पेशी फुटतात. गणपती-सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात तेही नको, द्राक्ष-बेदाण्याने किडनी जाते. पाहुणे हौसेने भरवतात, त्यांना दारातच सांगा.

मुक्काम_धायरी
कांदा-बेदाणे मी देत नाही. प्रमाण कोणी सांगणार आहे का?

जनावरांचा_डॉक्टर
१६ किलोचा लॅब म्हणजे एक तर पिल्लू, नाही तर अगदी हडकुळा. वय सांगा ताई. सगळं त्यावरच आहे.

मुक्काम_धायरी
साडेचार महिने. वयाने काय फरक पडतो? सगळं खातोय.

जनावरांचा_डॉक्टर
फार फरक पडतो. आधी तुमचा हिशोब देतो. वजनाचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा, येईल त्याचा घन करून ७० ने गुणा. १६ चं ४, ४ चं २, २ चा घन ८, म्हणजे ५६० कॅलरी. ही विश्रांतीची गरज झाली. या वयाच्या पिल्लाला साधारण दुप्पट लागतं, म्हणजे दिवसाला ११२० च्या आसपास. एवढ्या कॅलरी तुमच्या चिकन-भातातून सहज जातात, म्हणूनच पिल्लू गुटगुटीत दिसतं.

अडचण कॅल्शियमची आहे. वाढत्या पिल्लाला दर १००० कॅलरीमागे निदान ३ ग्रॅम लागतं. म्हणजे याला रोज जवळपास ३.४ ग्रॅम. बिनहाडाच्या १०० ग्रॅम चिकनमध्ये १०-१५ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २०० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. तुमच्या अख्ख्या दिवसाच्या पातेल्यात पाव ग्रॅमही कॅल्शियम नाही. मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं. हाडं पातळ होतात, पाय वाकतात, साध्या उडीने मोडतात.

नाचणीताई, तुमचा आकडा बरोबर आहे, पण ३.४ ग्रॅमसाठी याला रोज १ किलो नाचणी लागेल. त्यातच तीन हजारांहून जास्त कॅलरी झाल्या.

नाचणी_रोज
मग अंड्याच्या टरफलांची पूड? वाळवून मिक्सरला फिरवली की झालं. मी ती पण घालते.

जनावरांचा_डॉक्टर
पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ठीक. सपाट चमचाभर पुडीत साधारण २ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. पण मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तही चालत नाही. आतड्यातून जादाचं शोषलं जाणं ते थांबवू शकत नाही आणि हाडांची, सांध्यांची वाढ बिघडते. १००० कॅलरीमागे ४.५ ग्रॅमच्या वर नको. म्हणजे ३ आणि ४.५ च्या मध्ये रोज नेम धरायचा, चमच्याने. शिवाय जस्त, तांबं, आयोडीन, ड जीवनसत्त्व राहिलंच. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, ९५ टक्क्यांत किमान एक गरजेचा घटक कमी निघाला. पिल्लूपणात तरी हा खेळ नको.

जुना_पुणेकर
परदेशातल्या कुत्र्यांचे नियम इथे कशाला?

जनावरांचा_डॉक्टर
काका, हाडं इथलीही कॅल्शियमचीच असतात. ताई, चिकन-भात कधीपासून चालू आहे? पिल्लू नीट चालतंय ना?

मुक्काम_धायरी
घरी आणल्यावर लगेचच सुरू केलं. चालतो. पुढच्या पायाने जरा लंगडतोय आणि जिन्यापाशी थांबून राहतो, पण आमच्या फरशा गुळगुळीत आहेत, घसरला असेल.

नारायणपेठी
फरशीवर रबरी मॅट टाका. आमच्या सोसायटीतही हाच त्रास. आणि महापालिकेचं लायसन्स काढलंय का? रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

जनावरांचा_डॉक्टर
लायसन्स नंतर. ताई, तुम्ही नको म्हणालात तरी लिहितो: आजच एक्स-रे काढा, रविवारची वाट बघू नका. जिन्यावरून त्याला उचलून न्या, उड्या बंद. जवळ सोय नसेल तर सातारा रस्त्याने शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि औषधाच्या दुकानातून कॅल्शियमचं सिरप आणून मनाने पाजू नका.

मुक्काम_धायरी
जाऊन आले. हाडं पातळ आहेत, मोडलेलं काही नाही. त्याला बांधून ठेवायला सांगितलंय. मोठ्या जातीच्या पिल्लांचं पॅकेट सुरू करायचं, सिरप नाही, महिन्याने पुन्हा एक्स-रे. आता घरचं एकदम बंद करू का? नुसत्या पॅकेटला तो तोंड लावत नाही.

जनावरांचा_डॉक्टर
वेळेत नेलंत, या वयात हाडं लवकर भरतात. एकदम नको, आठवडाभरात बदला. आधी पाव भाग पॅकेट, मग अर्धा, मग पाऊण. पॅकेट कोमट पाण्यात भिजवा, वरून चिकन शिजवलेलं पाणी घाला. नंतरही दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या भागापुरतं चिकन-भोपळा वरून चालेल. वर्ष-सव्वा वर्षाचा झाला की या, मोठ्या कुत्र्याचं घरचं जेवण नीट वजन करून मांडू. तेव्हा नाचणीलाही जागा आहे.

मुक्काम_धायरी
चिकनच्या पाण्याने खाल्लं. पाव भाग संपवला.

आभाळमाया_२
मांजरीचं राहिलं.

जनावरांचा_डॉक्टर
मांजरीला भात जवळजवळ लागतच नाही. तिला टॉरिन हा गरजेचा घटक मांसातूनच मिळतो. उकळून पाणी फेकलं तर त्यातलं बरंच जातं आणि टॉरिन कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतं. नुसतं चिकन रोज नको, मांजराचंच पूर्ण खाणं द्या. वेगळा धागा काढा, तिचं वय आणि वजन आधीच लिहा.